दोन मिनिटं, कुणी न अडवता

(परभणी जिल्ह्यातल्या बचत गटांच्या व महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मला आज 'स्त्रियांचा राजकीय सहभाग' असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. बाईनं चारचौघांत उभं राहून बोलणं, एवढीच ती गोष्ट.

जिंतूरपासून पालमपर्यंत कुठल्याही गावात जा, बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ताई, आम्हाला बोलता येत नाही." पण हीच बाई हापशावर उभी असते तेव्हा गावातल्या कुणाच्या रेशनमधले किती किलो कापले गेले, कुणाच्या सुनेला कशावरून मारलं, ग्रामपंचायतीचा मोटार दुरुस्तीचा पैसा कुठं गेला, हे सगळं तारीखवार सांगते. तिला बोलता येतं, मुद्दाही कळतो. मग ग्रामसभेत उभी राहिली की तिची जीभ टाळ्याला का चिकटते? याचा विचार आपण नीट केलेला नाही. आपण तिला 'धीट हो' असं सांगतो आणि मोकळ्या होतो.

बोलणारी बाई ही आपल्या भागाला काही नवी नाही. गंगाखेडची जनाबाई आपल्याच जिल्ह्यातली. सातशे वर्षांपूर्वी लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिली आणि दळता-कांडता जे बोलली ते अजून लोकांच्या तोंडी आहे. महानुभाव पंथात महदाइसा प्रश्नांवर प्रश्न विचारत असे. त्याच पंथातल्या नागदेवाचार्यांनी केशोबासांना सांगितलं की ग्रंथ संस्कृतात लिहू नका, नाहीतर आमच्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. म्हणजे बायकांना कळेल अशा भाषेत बोललं पाहिजे, हा विचार मराठीच्या सुरुवातीलाच होऊन गेला आहे.

पण सभा नावाची जी नवी गोष्ट इंग्रजी अमदानीत आली, तिच्यात बायकांना जागा सहज मिळाली नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिच्यामागे जी संस्था उभी आहे तिचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. नाव चांगलं आहे. पण उत्तेजन कुणाच्या वक्तृत्वाला? त्याच्या आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि बायकांना शिक्षिका हव्यात, डॉक्टर हव्यात हे सांगितलं. या सगळ्याजणी कुणी 'या, बोला' म्हणून बोलावलं म्हणून बोलल्या नाहीत.

आणि बोलण्याची किंमत कुठं मोजावी लागते तेही बघा. रमाबाई रानडे यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. पंडिता रमाबाईंच्या सभांना गेल्याबद्दल घरातल्याच बायकांचे टोमणे कसे ऐकावे लागले, ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. नवरा एवढा मोठा सुधारक, तरी घरात ही तऱ्हा. सभा बाहेर होते आणि शिक्षा घरात होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

आता एका संध्याकाळची हकिकत सांगते.

परभणी शहरात काही मंडळी एक वक्तृत्व मंडळ चालवतात. नाव सांगत नाही, कारण मला त्यांची तक्रार करायची नाही आणि जाहिरातही करायची नाही. दर रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता एका क्लासच्या खोलीत ते जमतात. बँकेतले लोक, विम्याचे एजंट, शिकवणीचे मास्तर, औषध कंपनीचे प्रतिनिधी आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीची तयारी करणारी मुलं. आमच्या गटातल्या दोघींना घेऊन मी तिथं गेले. एक ग्रामपंचायतीची सदस्य आहे, राखीव जागेवर निवडून आलेली. दुसरी शेतमजूर, कापूस वेचायला जाते. त्या दिवशी खोलीत एकवीस माणसं होती. आम्ही तिघी धरून बायका सात.

त्यांची पद्धत मला आवडली. सगळं घड्याळावर. कोण कधी बोलणार ते फळ्यावर लिहिलेलं. बोलणाऱ्याला ठरलेली मिनिटं मिळतात. समोर एकजण तीन पुठ्ठे घेऊन बसतो. हिरवा दाखवला म्हणजे तुमचं बोलणं पुरेसं झालं, पिवळा म्हणजे आटोपतं घ्या, लाल म्हणजे थांबा. दुसरा एकजण तुम्ही किती वेळा 'अं', 'म्हणजे', 'काय म्हणतात त्याला' म्हणालात ते मोजतो. तिसऱ्याकडे भाषा. आणि प्रत्येक भाषणानंतर एक समीक्षक उठून काय चांगलं झालं, काय सुधारता येईल ते सांगतो. बोलणाऱ्याला कुणीही मधे तोडत नाही. टाळी वाजल्याशिवाय कुणी खाली बसत नाही.

ही पद्धत त्यांनी टोस्टमास्टर्स नावाच्या अमेरिकेतल्या संस्थेच्या धर्तीवर घेतली आहे. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात पहिलं मंडळ काढलं. आज ते जगभर आहे. आपल्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की या संस्थेनं १९७३ सालापर्यंत बायकांना सभासदच करून घेतलं नाही! जवळजवळ पन्नास वर्षं. तिथल्या बायकांनी १९३८ साली आपली वेगळी संस्था काढली. हेलन ब्लँचर्ड नावाच्या बाईनं १९७० साली 'होमर' असं पुरुषाचं नाव कागदावर लावून सभासदत्व घेतलं. पुढे दार उघडलं आणि १९८५ साली तीच बाई त्या सगळ्या संस्थेची अध्यक्ष झाली. तेव्हा भाषण शिकवणाऱ्या मंडळींनाही बाईचं भाषण पचायला वेळ लागतो, हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही.

तर त्या संध्याकाळी चिठ्ठ्यांचा खेळ झाला. चिठ्ठी उचलायची, त्यावरच्या विषयावर दोन मिनिटं बोलायचं. तयारीला वेळ नाही. आमच्या शेतमजूर मैत्रिणीला वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठी मी वाचून दिली. विषय निघाला 'पहिला पाऊस'. तिच्या आधी एका तरुणानं 'आवडता ऋतू' या विषयावर मातीचा सुगंध, गरम भजी असं छान छान सांगितलं होतं. ही उठली. पदर डोक्यावर घेतला, मग काय वाटलं कोण जाणे, तो परत खांद्यावर टाकला. आणि म्हणाली, "पयला पाऊस म्हणलं की आमच्या घरात आधी बादल्या हुडकाव्या लागतेत. पत्र्याला भोकं हायेत." लोक हसले. ती थांबली नाही. पुढे बियाण्याचं बोलली. दुकानदार उधार देतो पण भाव जास्तीचा लावतो. पाऊस येऊन परत दडी मारली तर दुबार पेरणी, म्हणजे उधारीवर उधारी. पाऊस पडल्यावर सगळे म्हणतेत बरं झालं, मला आधी हिशोब आठवतो, असं म्हणून ती खाली बसली. एक मिनिट चाळीस सेकंद. हिरवा पुठ्ठा वर होता.

समीक्षक म्हणून उठलेल्या बाई शाळेत शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, "आज पाऊस या विषयावर फक्त यांनीच माहिती दिली." हे बरोबर होतं आणि ते त्यांनी मोकळेपणानं सांगितलं.

मग भाषेचे परीक्षक उठले. त्यांनी आमच्या मैत्रिणीचे शब्द लिहून घेतले होते. 'पानी', 'लागतेत', 'हुडकाव्या'. हे शुद्ध करून घ्यावेत अशी सूचना केली. सूचना सभ्यपणे केली. पण त्यांच्या स्वतःच्या पाच मिनिटांत 'ओव्हरऑल परफॉर्मन्स', 'बॉडी लँग्वेज', 'इम्प्रूव्हमेंट' हे शब्द मी मोजले तर अकरा निघाले. ते अशुद्ध ठरत नाहीत! परभणीच्या मातीत 'लागतेत' म्हटलं तर चूक आणि इंग्रजी शब्द मधे घातला तर हुशारी. मैत्रिणींनो, शुद्ध आणि अशुद्ध ही वाटणी कुणी केली, कुठल्या जातीच्या, कुठल्या शहराच्या बोलण्याला प्रमाण धरून केली, हा प्रश्न आपल्या चळवळीनं कधी सोडलेला नाही. ज्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा उभं राहायचं धाडस झालं, तिच्या हातात पहिली गोष्ट तिच्याच बोलीची चूक म्हणून ठेवली, तर ती परत उठेल का?

आणखी एक गोष्ट पाहिली. साडेसातला सभा संपली. चहा आला. पुरुष मंडळी थांबली, पुढच्या महिन्याचे पदाधिकारी ठरवायचं बोलणं तिथंच चहावर झालं. आम्ही सोडून ज्या चौघी सभासद बायका होत्या त्यातल्या तिघी चहा न घेताच निघाल्या. एकीच्या सासूबाईंचा फोन येऊन गेला होता, दुसरीला स्वयंपाक होता, तिसरीच्या मुलाची परीक्षा. नियमांत भेदभाव कुठंच नव्हता. पण निर्णय सभेनंतरच्या चहात होतात आणि त्या वेळी बाई चुलीपाशी असते. आपल्या संस्थांमध्येही हे होतं का, ते आपण तपासावं.

परत येताना एसटीत मी शेतमजूर मैत्रिणीला विचारलं, कसं वाटलं? मला वाटलं होतं की ती भाषेच्या परीक्षकांवर चिडली असेल. तिनं त्यांचा विषयच काढला नाही. म्हणाली, "ताई, मी बोलायले आन् कुणी मधी बोललंच नाई. असं पयल्यांदाच झालं."

मी या एका वाक्यासाठी तुम्हाला ही सगळी हकिकत सांगितली. नवरा, सासू, मुकादम, सावकार, तलाठी, यांच्यापैकी कुणीही तिला दोन मिनिटं सलग ऐकून घेतलेलं नाही. आपल्या बैठकांतसुद्धा 'थोडक्यात सांग बाई' असं आपण म्हणतो. बोलण्याची सवय ही ऐकणारं कुणी असलं तरच लागते.

पण मंडळाची खोली आणि ग्रामसभा यांत फरक आहे. मंडळात तुम्ही पावसावर बोललात काय आणि भज्यांवर बोललात काय, कुणाचं काही बिघडत नाही. ग्रामसभेत बोललं की कुणाचं तरी नाव येतं, कुणाचा तरी पैसा अडतो. तिथं बोलणाऱ्या बाईला पुठ्ठा दाखवत नाहीत, सरळ 'खाली बस' म्हणतात.

कायदा आपल्या बाजूनं आहे, तो आधी बघू. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्मं झालं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांतला कमी असेल तो आकडा म्हणजे कोरम. आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची स्वतंत्र महिला सभा घेणं बंधनकारक आहे. किती गावांत होते? पुष्कळ गावांत रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे आणि सह्या घेतल्या जातात आणि महिला सभा 'झाली' असं लिहिलं जातं. सरपंच बाई खुर्चीवर आणि बोलणार सरपंचपती. जागा मिळाली, पण तोंड दुसऱ्याचं.

आमची जी ग्रामपंचायत सदस्य त्या संध्याकाळी बरोबर होती, तिचंच पुढचं सांगते. तिच्या गावात नळयोजनेची लाइन मारुतीच्या पारापर्यंत येऊन थांबली. पुढे तिची वस्ती. कागदावर वस्तीचे नळ होते, वस्तीत नव्हते. नऊ महिने ती मासिक सभेला जाऊन बसत होती, चहा पीत होती, सही करून येत होती. परभणीच्या त्या संध्याकाळनंतर आम्ही गटाच्या बैठकीत सराव सुरू केला आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती उठली. दोन मिनिटंही बोलली नसेल. वस्तीतली घरं किती, नळ किती दाखवलेत, प्रत्यक्षात किती, आणि हा विषय आज इतिवृत्तात लिहून घ्या. बस्स. कुणीतरी मागून म्हणालं, नवऱ्याला पाठव. ती म्हणाली, "निवडून मी आले, त्यो नाई." वस्तीतल्या अकरा बायका एकदम उभ्या राहिल्या. लिहून घ्यावं लागलं.

त्या रात्री तिच्या नवऱ्याला निरोप आला. बायकोला आवर, नाहीतर उसाच्या टोळीत तुझं नाव लागणार नाही. म्हणजे रमाबाई रानड्यांच्या वेळेला जे होतं तेच. सभा बाहेर झाली आणि शिक्षा घरात आली, फक्त इथं टोमण्यांऐवजी पोटावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गटाच्या पाचजणी तिच्या घरी जाऊन बसल्या. नवऱ्याशी भांडायला नव्हे. त्याच्या डोक्यावरही टांगती तलवार होतीच. आम्ही त्याला इतिवृत्ताची नक्कल मागायचा अर्ज दाखवला आणि म्हटलं, भाऊ, आता हे तिच्या एकटीचं राहिलेलं नाही, अर्जावर वीस सह्या आहेत. पाणी अजून वस्तीत आलेलं नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण विषय इतिवृत्तात आहे, मोजमाप करायला माणूस येऊन गेला, आणि ती गप्प बसलेली नाही. तिच्या नवऱ्याचं टोळीतलं नावही राहिलं.

म्हणून आमच्या गटांत आम्ही जे करतो ते तुमच्यापुढे ठेवते. पटलं तर घ्या.

महिन्याच्या बचतीच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास बोलण्याचा. मोबाइलवर दोन मिनिटं लावायची. पाळीपाळीनं प्रत्येकीनं उभं राहायचं. कुणी मधे बोलायचं नाही, कुणी शब्द पुरवायचा नाही. ती गप्प राहिली तरी दोन मिनिटं तिचीच. पहिल्या महिन्यात निम्म्याजणी गप्प उभ्या राहतात, काही हसतात, एखादी रडतेही. चालतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत वेळ कमी पडायला लागतो.

भाषेचा परीक्षक आम्ही ठेवलेला नाही. त्याऐवजी एक बाई तीन प्रश्नांची उत्तरं शोधते. मागणी काय? कुणाकडे? कधीपर्यंत? ही तीन उत्तरं भाषणात सापडली तर भाषण झालं. मग ते पारध्यांच्या बोलीत असो, लमाणांच्या असो, दखनी उर्दूत असो.

नंतर अडवण्याचा खेळ. एकजण बोलते आणि बाकीच्या ग्रामसभेतले पुढारी होतात. 'हा विषय आज नाही.' 'तुला काय कळतंय?' 'घरचं घरात मिटवा.' आमच्या म्हाताऱ्या बायका हे काम इतकं हुबेहूब करतात की हसून पोट दुखतं. पण बोलणारीला सराव होतो. तिनं चिडायचं नाही, पळायचं नाही, तेच वाक्य पुन्हा म्हणायचं आणि शेवटी 'इतिवृत्तात लिहा' म्हणायचं. सही करण्याआधी लिहिलेलं वाचून घ्यायचं, वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून मागायचं. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पद बदललं तरी त्यांचं हे काम बदललेलं नाही.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. बोलायला एकटीला पाठवायचं नाही. एक बोलणार, दुसरी तिच्या शेजारी उभी राहणार, बाकीच्या 'आमचंही हेच म्हणणं' म्हणून हात वर करणार. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी कोण जाणार हे आदल्या दिवशीच ठरवायचं. ज्या गटाची ही तयारी नसेल त्यानं बाईला ग्रामसभेत उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही कार्यकर्त्या म्हणतात, वक्तृत्व हा मध्यमवर्गाचा छंद आहे, आपण मोर्चे काढावेत. मोर्चे काढूच. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायका लाखांच्या संख्येनं जमल्या, ते काय वक्तृत्वाच्या वर्गातून आल्या होत्या? पण मोर्च्यात घोषणा एकत्र देता येते, ग्रामसभेतला प्रश्न मात्र एकीला उठून विचारावा लागतो. दलित स्त्रियांच्या चळवळीत ही तयारी फार आधीपासून होती. १९४२ साली नागपूरला दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो बायका आल्या होत्या. त्या काळच्या अनेकजणींच्या मुलाखती ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात नोंदवल्या आहेत. आपल्या गटात ते वाचून दाखवा.

मैत्रिणींनो, माझी तुमच्याकडे मागणी काय, कुणाकडे आणि कधीपर्यंत, हे मलाही सांगायला हवं. मागणी ही की येत्या ग्रामसभेआधी आपल्या गावची महिला सभा खरोखर भरवून दाखवायची, रजिस्टरवर नव्हे. ती इथं बसलेल्या प्रत्येक गटाकडे आहे. आणि पुढच्या तिमाहीच्या बैठकीत प्रत्येक गटानं आपल्या इतिवृत्ताची नक्कल घेऊन यायची आहे. तिच्यावर गावातल्या एका तरी बाईचं म्हणणं तिच्या नावासकट लिहिलेलं असलं पाहिजे.

आता मी बसते. जिला या विषयावर बोलायचं आहे तिनं उठावं. दोन मिनिटं आहेत आणि मधे कुणीही बोलणार नाही.